शेळीची जागा

(तुळजापूर, १९५८. दुपार. माळवदावर सरोजिनी, तिचे वडील अण्णा आणि आई. कडेला गुंडाळलेली गादी, तिच्यावर फडक्यात बांधलेली वही.)

सरोजिनी : अण्णा, चित्र बघून क्षय होतो का?

अण्णा : हे कुणी शिकवलं विचारायला?

सरोजिनी : माझ्या वर्गातल्या नीलम्मानं पैज लावली. वडलांना विचारून दाखव म्हणाली, तर खरी. विचारलं की न्हाय? आता सांगा.

आई : प्रमोदिनीचं तेरावं कालच झालं, आणि हिच्या तोंडाची टकळी बघा.

सरोजिनी : ताई असती तर तीच हसली असती. अण्णा, गुर्जींनी आमची हस्तलिखिताची वही परत का धाडली?

अण्णा : पोरींच्या घरून तक्रारी आल्या. ताईनं अंथरुणात पडून चित्रं काढली, हे कळलंय सगळ्यांना. गादीबरोबर वहीही जाळायची.

सरोजिनी : माझी मंगळाची गोष्ट? पाच भाग आहेत तिचे!

अण्णा : गोष्ट परत लिहिशील.

सरोजिनी : नुसती गोष्ट कुणाला सोसत न्हाय. पहिला भाग मी बिनचित्रांचा वाचला वर्गात. हवा संपली, माणसं गुदमरली. नीलम्मा कान झाकून बाहेर पळाली. मग ताईनं अग्निबाण काढला, वांग्यासारखा, देठासकट! मंगळावरच्यांना फेटे, नि कानांच्या जागी शेवग्याच्या शेंगा. माणसं गिळणारं यंत्र म्हणजे आपलं जातं, पायांत पैंजण घातलेलं. माझा एक शब्द बदलला न्हाय. पण पोरी बसून राहिल्या. हसत हसत गोष्टीतल्या मरणापर्यंत आल्या.

आई : ते नाव काढू नकोस.

सरोजिनी : आणि दर चित्रात कुठंतरी एक शेळी. पोरी आधी शेळी हुडकतात, मग गोष्ट वाचतात.

आई : शेळी? एक कान तुटका?

सरोजिनी : व्हय. तुला कसं ठाऊक?

आई : तामलवाडीची गंगी ती. माझ्या माहेरची. मला दूध नव्हतं, प्रमी तिच्याच दुधावर जगली. दाखव इकडं.

अण्णा : हात लावू नको त्या वहीला!

आई : सहा महिने तिचं थुंकीचं भांडं मी धुतलं. आता कागदाला भिऊ? ... ह्या शेवटच्या चित्रात न्हाय गं शेळी.

सरोजिनी : वांग्याच्या खिडकीत बघ. माणसं सगळी मेली, ती एकटी बाहेर बघतीय. मी म्हणलं, ताई, गोष्टीत शेळी न्हायच. तर म्हणाली, कुणीतरी पोचलं पाहिजे की.

अण्णा : सरोज, दुसऱ्यांची लेकरं आहेत. एखादीला काही झालं, तर मी तिच्या बापाला काय सांगू?

सरोजिनी : मग दोघंही ऐका. मी ठरवलंय. वही शाळेत जाणार न्हाय. मीच जाळीन, पण आज न्हाय. आठ दिवस उन्हात ठेवणार, मग इथंच बसून सगळं कोऱ्या कागदावर उतरवणार. वांगं जमेल, जातं जमेल. खाली ताईचं नाव घालणार.

अण्णा : आणि शेळी?

सरोजिनी : माझी शेळी कुत्र्यासारखी होते. तिची जागा कोरी सोडणार.

आई : पोरी हुडकतील गं तिला.

सरोजिनी : हुडकू देत.