बँकेची घाई

...आणि वर म्हणतात काय, तर 'प्रिय ग्राहक'. प्रिय? तुम्हाला सांगतो, गावातली शाखा उठवली तेव्हा या बँकेने दारावर एक कागद डकवला आणि गेली निघून पोर्ट लिंकनला, गाडीने दीड तास, तेव्हा नव्हतं कुणी प्रिय. नवं कार्ड मागितलं तर अकरा आठवडे लावले. आणि आता ईमेल येतो, 'खात्यात संशयास्पद हालचाल, चोवीस तासांत खालची निळी ओळ दाबून पासवर्ड भरा, नाहीतर खातं बंद'... बँकेला कधी घाई असते का?

पण आमच्या डल्सीला, म्हणजे बायकोला, कोण सांगणार? जिच्यावर बेचाळीस वर्षं शेवंडी धरल्या ती बोट ईस्टरला विकली, हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी, ते सगळे पैसे त्याच खात्यात. मी मागे मासे साफ करतोय आणि ही आतून विचारते, "मर्व्ह, पासवर्डात बोटीच्या नावापुढे काय होतं रे?" म्हटलं, कशाला? "बँकेला हवंय. आत्ताच्या आत्ता."

आत्ताच्या आत्ता? सुरा टाकला, तसाच पळत गेलो, टॅबलेट हिसकावला, त्यावर सगळे खवले... "अरे घाणेरड्या, हात तरी धू!" गुडघ्याचे पैसे चाललेत तुझ्या, म्हटलं, हात कसले धुवायला सांगतेस? मी बाराव्या वर्षी शाळा सोडली, अजून ओळीखाली बोट धरून वाचतो, पण बँकेला कधी घाई असते का, एवढं कळायला शाळा लागत नाही.

मग कार्डाच्या पाठीवरचा नंबर लावला, ईमेलमधला नव्हे. पन्नास मिनिटं पिपाणी ऐकवली. म्हटलं, डल्सी, ही बघ खरी बँक. शेवटी फोनवर एक बाई आली, डल्सीला जन्मतारीख विचारली, आईचं माहेरचं नाव विचारलं, मग म्हणाली, "आम्ही ईमेलवर पासवर्ड कधीच मागत नाही. पैसे जागेवर आहेत." डल्सी रडली, मग हसली, मग चहा टाकायला उठली. मी तेव्हा कुठे हात धुतले.

पण त्या बाईने जाता जाता सांगितलं, ओळख पटल्याशिवाय कुणाशी बोलू नका, आणि ते हिने मनावर घेतलं. काल पर्थहून मुलीने फोन केला तर तिला आधी आजीचं नाव विचारलं. आज मी धक्क्यावरून आलो तर दाराला आतून कडी.

"कोण?"

मी.

"मी कोण?"

मर्व्ह.

"मर्व्ह काय, कुणीही म्हणेल. लग्नाची तारीख सांग."

मार्च होता, एवढं नक्की. बारा सांगितली, चौदा सांगितली, एकोणीस सांगितली... म्हणते, "तीनदा चुकलास, आता उद्या ये." म्हणून तर व्हरांड्यात तुमच्याशी बोलत बसलोय, नाहीतर मी कशाला बोलतो कुणाशी.