दाबली की मरते

(गॅरेज. दुपार. मिस्त्री उघड्या बॉनेटखाली वाकलेला. नवरा-बायको शेजारी उभे.)

नवरा : मी सांगतो ना, गाडीत काही दोष नाही. हिने गियर चुकवला असणार.

बायको : गियर बरोबर होता.

मिस्त्री : ताई, तुम्ही सांगा. पहिल्यापासून.

बायको : पुलाच्या चढावर ट्रकला ओव्हरटेक करत होते. बरोबरीला आले, पाय दाबला, आणि गाडीतला जीवच गेला. पाय पार खाली, पण गाडी काही पुढे जाईना. समोरून बस. मागच्या सीटवर आमची छोटी. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज इथे उभी आहे.

नवरा : तेव्हापासून आठ दिवस किल्ली माझ्या खिशात. उगाच विषाची परीक्षा कशाला?

मिस्त्री : हळू चालवली तर?

बायको : शहाण्यासारखी चालते. दाबली की मरते.

मिस्त्री : स्कॅनरही तेच म्हणतोय. टर्बो म्हणजे पंखाच, साहेब. हवा ओढायची आणि इंजिनात कोंबायची. त्याला हवाच मिळत नाहीये. पाइप कुठे फाटलेले नाहीत, म्हणजे आत काहीतरी अडकलंय. हा फिल्टर कुणी काढला होता? क्लिपवर पक्कडीचे ओरखडे आहेत.

नवरा : मीच साफ केला, त्याच्या आदल्या रविवारी. त्यात काय मोठंसं!

मिस्त्री : आणि पाइपाचं तोंड उघडंच ठेवलंत?

नवरा : छे! कचरा जाऊ नये म्हणून कापड कोंबलं होतं. तेवढं कळतं मला.

मिस्त्री : कोंबायलाच हवं. पण आम्ही लालभडक फडकं घेतो आणि अर्धं बाहेर लोंबत ठेवतो. विसरलं तरी डोळ्यात खुपतं. थांबा, हाताला लागतंय काहीतरी... शी! शी शी शी!

बायको : ई! उंदीर आहे का?

मिस्त्री : उंदीर परवडला. चिंधी आहे. तेलकट, लिबलिबीत, एका टोकाला कुरतडलेली. हळू चालवली की पाइपात पडून राहायची, दाबली की ओढली जाऊन टर्बोच्या तोंडावर बसायची. माझी अर्धी हयात गेली या धंद्यात, असली घाण नाही काढली. पट्ट्यापट्ट्यांची दिसतेय.

बायको : बघू? अहो, हा तुमच्या जुन्या पायजम्याचा पाय आहे.

नवरा : काढला होता मी. म्हणजे, काढला होता असं वाटलं.

मिस्त्री : नशीब, पंख्याची पाती शाबूत आहेत. पण साहेब, आठ दिवस तुम्हीच चालवताय ना? तुमच्या पायाखाली नाही मेली?

नवरा : ट्रॅफिकमध्ये दाबायला मिळते कुठे?

मिस्त्री : त्याच पुलावरून जाता ना कामाला?

नवरा : मंगळवारी जरा दमल्यासारखी वाटली. एकदाच.

बायको : मंगळवारी?

नवरा : अगं, मला वाटलं पेट्रोल खराब असेल.

बायको : माझ्या वेळी मी खराब, तुमच्या वेळी पेट्रोल! आणि बुधवारी भावोजींना फोनवर काय सांगत होतात? हिच्या हातात गाडी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. छोटी ऐकत होती. झोपताना मला म्हणाली, आई, तू नको ना चालवूस, बाबाच चालवू देत.

नवरा : गंमत केली गं.

बायको : शिसारी येते. त्या चिंधीची नाही म्हणत मी.

नवरा : चारचौघांत काय हे? मिस्त्री काय म्हणतील?

मिस्त्री : मी काय म्हणणार? मी हात धुऊन येतो. मग चढावर नेऊन बघू, दाबल्यावर उचलते का. किल्ली द्या.

बायको : माझ्याकडे द्या. मी चालवते.

नवरा : बरं, घे बाई. मी शेजारी बसतो, लक्ष ठेवायला.

बायको : शेजारी मिस्त्री बसतील. तुम्ही मागे बसा. छोटी बसली होती तिथे.