हवेत तरंगणारा दगड

ई-मेल नवीन होती तेव्हाची गोष्ट सांगतो. आमचे एक निवृत्त गुरुजी दर शनिवारी पोलादपूरहून एसटीने महाडला यायचे. मुलगा अमेरिकेत इंजिनिअर. त्याची मेल सायबर कॅफेत उघडून द्यायला त्यांना मी लागायचो.

मेल कसली, कुठून तरी आलेली अचाट माहिती पुढे ढकललेली. त्या दिवशी हवेत तरंगणाऱ्या दगडाचा फोटो होता.

"गुरुजी, सावली बघा. बनावट आहे. आमच्या कशेडी घाटातही दरड कोसळली की दगड हवेत असतात, पण क्षणभरच. मग मला बातमीला धावावं लागतं."

गुरुजी मनापासून हसले. "आणि मागचा तो माणसाच्या तोंडाचा मासा?"

"तोही थापच. थांबा, तुमच्या इंजिनिअरला चांगलं खरमरीत कळवतो."

मी कीबोर्ड ओढला, तसा गुरुजींनी माझा हात धरला.

"नको हो. विज्ञान शिकवण्यात जन्म गेला माझा, मला कळत नाही का? पण चूक काढलीत तर तो हेही पाठवायचा थांबेल."

"मग स्वतःबद्दल दोन ओळी लिही म्हणावं."

"म्हटलं होतं. पुढे महिनाभर काहीच आलं नाही."

खोट्या बातम्यांवरून मी आयुष्यभर संपादकांशी भांडलो. त्या दिवशी मात्र गुरुजी सांगत गेले तसं निमूट टाइप केलं : 'दगड फार आवडला. असंच आणखी काही असेल तर पाठव.'