बारशाच्या कॅसेटमधला आवाज

जमलेल्या सगळ्या मंडळींना नमस्कार. बिराजदार सरांबद्दल मी बोलावं, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. मी दोनदा नको म्हणालो. काल रूपाताई, सरांच्या कन्या, म्हणाल्या, "प्रकाश, शेवटची दोन वर्षं अप्पा तुझ्याकडंच तर येऊन बसायचे. तू नाही तर कोण बोलणार?" आता काय सांगू त्यांना? म्हणून उभा राहिलोय.

मी पूर्वी लग्नाचं शूटिंग करायचो. आता लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतो. सरांनी मला सातवीला गणित शिकवलं. शिकवलं म्हणजे, लई मारलं. पण दुधनीला गावाकडं गेले की माझ्यासाठी शेंगाही आणायचे.

दोन वर्षांमागं सर एक कॅसेट घेऊन आले. रूपाताईंच्या मुलाच्या बारशाची. तिच्यात काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, कानडीतला पाळणा म्हणतात. त्या बारशाच्या पुढच्याच वर्षी काकू गेल्या. त्यांचा आवाज दुसरीकडं कुठंच नव्हता. सर म्हणाले, "जपून कर बाबा." मी म्हणालो, "सर, तुम्ही निवांत घरी जा की."

तुम्ही म्हणाल, हा शोकसभेत स्वतःच्या धंद्याचं काय लावून बसलाय! सांगू द्या मला. आज नाही सांगितलं तर पुन्हा होणार नाही.

कॅसेट आधी टीव्हीवर लावून बघितली. आवाज खणखणीत होता. मग कॉम्प्युटरला जोडली. दोन तासांची कॅसेट उतरवायला दोन तास लागतातच, पळवता येत नाही. दिवसभर लोकांच्या वरातीतला बँजो ऐकून माझं डोकं उठतं, म्हणून मी स्पीकर बंद ठेवूनच काम करतो. रोजची खोड. त्या दिवशीही बंदच होता. चित्र झकास येत होतं. काकू पाळण्याची दोरी ओढत होत्या, ओठ हलत होते. मी आपला चहा पीत बसलो. सगळं संपल्यावर स्पीकर लावला, तर चिडीचूप. आवाजाची वायर मागून निसटली होती. घाबरून कॅसेट पुन्हा लावली. बुरशी धरलेली फीत, व्हीसीआरमध्ये अडकली आणि तुटली. चिमट्यानं तुकडे काढत बसलो, जोडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी सर आले. आणि मी काय म्हणालो? "सर, कॅसेटमध्ये आवाजच नव्हता. ओल लागून गेला असणार."

सरांनी कॅसेटचा डबा हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग म्हणाले, "माझंच चुकलं. मीच ती गळक्या खोलीत ठेवली."

मंडळी, मला तेव्हाच बोलता आलं असतं. नाही बोललो. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या महिन्यात नाही. सर दर गुरुवारी यायचे. कॉम्प्युटरसमोर बसून तो मुका पाळणा बघायचे. काकूंच्या ओठांवरून शब्द जुळवायचे, वहीत लिहायचे. मधेच थांबवायला लावायचे. "इथं काय म्हणतीय रे ती?" मला कुठं कानडी येतं! मी माउस धरून बसायचो. जाताना म्हणायचे, "तुझा काय दोष रे, असू दे." एवढं ऐकलं की मी उगाच वायरी गुंडाळायला लागायचो. एका गुरुवारी दुकान बंद ठेवून घरी बसलो. तर सर घरी आले, तब्येत विचारायला. पळायचं कुठं माणसानं? सांगावं तर तोंड दाखवायला जागा नाही, न सांगावं तर सर पुढ्यात बसलेले.

एकदा रूपाताई माझ्यासमोरच त्यांना बोलल्या. "अप्पा, आईची एक वस्तू सांभाळता आली नाही तुम्हाला." सरांनी मान खाली घातली. अहो, साहेब शाळेच्या तपासणीला आले तरी मान खाली न घालणारा हा माणूस! मी हातभर अंतरावर स्टुलावर बसलो होतो. तोंड उघडलं नाही मी.

सरांना बघायला दवाखान्यात गेलो ते ठरवून गेलो होतो. आज सांगायचंच. सरांनी माझा हात धरला. म्हणाले, "रूपाला समजाव. मी मुद्दाम नाही केलं." मी म्हणालो, "हो सर." हो सर! एवढंच निघालं तोंडातून. दुसऱ्या दिवशी सर गेले.

तर रूपाताई, सगळ्यांसमोर सांगतो. अप्पांनी कॅसेट खराब केली नाही. गळक्या खोलीत राहूनही तिच्यातला आवाज शाबूत होता. तुमच्या आईचा आवाज मी घालवला, आणि वर खोटं बोललो. तुम्ही वडिलांना जे बोललात, ते बोलणं माझ्या वाट्याचं होतं. ते मी त्यांना ऐकू दिलं. मला लाज वाटते.

सर, तुमच्या पाया पडतो. जिवंतपणी धाडस झालं नाही.

आता सगळ्यांनी सरांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू या. ती झाली की रूपाताई, तुम्हाला काय बोलायचं ते बोला. मी इथून हलत नाही.