कानामागचे टिंब

मी, वय ४४ वर्षे, धंदा नोकरी (संग्रहालयाच्या कार्यशाळेत नकलांचे साचे करणे), राहणार संग्रहालयामागील कर्मचारी वसाहत, तळमजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझी मुलगी व माझे दीर राहतो. पती हयात नाहीत. दीर त्याच कार्यशाळेत ओतकाम करतात. ही नोकरी मला त्यांनीच मिळवून दिली.

संग्रहालयात रोमन सम्राटाचे चांदीचे नाणे आहे. एका बाजूस सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूस बसलेली देवी. सम्राट आठ्या घालून पाहतो म्हणून कार्यशाळेत त्याला सासरेबुवा म्हणतात. हे नाव दिरांनी ठेवले.

बाहेरगावच्या प्रदर्शनांना अस्सल नाणे न पाठवता चांदीची नक्कल पाठवतात. नक्कल ओतून, काळवंडवून झाली की शेवटी सम्राटाच्या कानामागे भिंगातून दिसेल एवढे टिंब टोचतात. ते टोचल्याशिवाय नक्कल अस्सल नाण्याशेजारी ठेवायची नाही, असा नियम आहे. टोचण्याचे काम आम्ही दोघेही करतो.

जुना साचा झिजल्यामुळे गेल्या सोमवारी संग्रहपाल मॅडमनी नाणे कार्यशाळेत आणून दिले. मी नवा साचा घेतला, नाणे पुसून डबीत ठेवले. तेवढ्यात मुलीच्या शाळेतून फोन आला. तिला ताप होता. दीर म्हणाले, "तुम्ही निघा वहिनी. सासरेबुवांना मी पोचवतो."

मी म्हटले, "मॅडमच्या हातातच द्या हं."

"मग काय, बसमध्ये बसवून देऊ?"

मी हसले व निघाले. डबी त्यांच्या टेबलावर होती.

मॅडमनी डबीतले नाणे काचेच्या कपाटात ठेवले. काल बाहेरून आलेल्या तज्ज्ञांना भिंगातून त्याच्या कडेला ओतकामाचे बारीक बुडबुडे दिसले. ते नाणे मला इथे दाखवण्यात आले. ती नक्कल आहे. जुन्या साच्यातली आहे. तो साचा मीच केला होता. कानामागे टिंब नाही.

टिंब न टोचलेली नक्कल कशी शिल्लक राहिली, हे मला माहीत नाही. अस्सल नाणे कुठे आहे, हेही माहीत नाही. सोमवारी दीर नेहमीच्या वेळी घरी आले. मुलीसाठी औषध आणले. तिच्या उशाशी बसून तिला गोष्ट सांगितली. घराची झडती घेण्यास माझी हरकत नाही. दिरांच्या खोलीला कुलूप असते. पूर्वी नसे.

मला सांगण्यात आले की, दिरांनी त्यांच्या जबाबात, "टिंब टोचायचे काम वहिनींचे, मी त्याला हात लावत नाही," असे म्हटले आहे. ते वाक्य मी पुन्हा वाचायला सांगितले. पुन्हा वाचण्यात आले. मी पाणी मागितले. ते मिळाले.

दीर बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना भेटायचे आहे का, असे विचारले असता मी नको म्हणाले.

माझा जबाब मला वाचून दाखवला. एक वाक्य सोडून तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. "टोचण्याचे काम आम्ही दोघेही करतो," हे खोडावे. ते काम फक्त दीर करतात. टोचणी त्यांच्याच ताब्यात असते. खोडल्या जागी मी सही केली आहे. आता बरोबर आहे.