बडोद्याचे आबा आणि बसलेली गाडी

मंडळी, ऐका. सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. घरातली वस्तू बिघडली, की माणसाला दुःख कशाचं होतं? ती बिघडल्याचं — की ती बिघडलीय हे शेजाऱ्याला कळल्याचं?

हसू नका. मागं खांबाला टेकून बसलेले काका सगळ्यात आधी हसले, म्हणजे त्यांच्याकडं काहीतरी नक्की बिघडलेलं आहे! असू द्या. आपण दुसऱ्याचं सांगू. आपलं झाकायला दुसऱ्याचं आख्यान फार सोयीचं असतं.

तर पिंपळखोरे नावाचं गाव. तिथं हिंदुराव थोरात, आल्याचा व्यापारी. आलं म्हणजे आपण चहात टाकतो ते. एका वर्षी आल्याला असा भाव आला, की हिंदुराव एसटीनं पुण्याला गेला आणि येताना गाडी घेऊन आला. परदेशी! मोतिया रंगाची, लांबलचक, आत बसलं की दिवाणखान्यात बसल्यासारखं. नवी नव्हे हं — दोन मालकांच्या हातून उतरलेली. आता एवढी थोर वस्तू इतक्या स्वस्तात का देतात, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता की नको? आपण पाव किलो वांगी घेताना देठ उलटून बघतो. हा गाडी घेताना तिच्या काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत होता.

गाडी आली. पेढे वाटले. शेजारच्या गावचे शामराव पवार, तेही आल्याचेच व्यापारी, बघायला आले. गाडीभोवती एक फेरी मारली, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "छान आहे हिंदुराव. फक्त परदेशी म्हैस इथली वैरण खाते का, तेवढं बघा."

हा शब्द हिंदुरावाच्या काळजात रुतला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठून अंगणात येतो, तर काय? गाडी बसलेली! अहो, खरंच बसलेली. पोट जमिनीला टेकलेलं, चाकं पंखाखाली पिल्लं घ्यावीत तशी अंगाखाली घेतलेली. सुलभा, त्याची बायको, दुधाची चरवी घेऊन गोठ्यातून येत होती. तिनं बघितलं. म्हणाली, "अहो, हिची धार तुम्ही काढणार की मी?"

आता हे असं का होतं, ते नीट समजून घ्या, कारण पुढं त्याचंच काम आहे. साध्या गाडीला पोलादी स्प्रिंगा असतात. या गाडीला स्प्रिंगांऐवजी रबरी फुगे होते, हवेनं भरलेले. हवेवर तरंगत जायचं, म्हणून खड्डा कळत नाही. सुख मोठं! पण रबर जुनं होतं. त्याला चीर पडते, नखाएवढी. रात्रभर हवा निसटते आणि गाडी बसते. सकाळी आतला पंप चालू होतो, घरघर करत हवा भरतो, गाडी उठते. लोकांना दिसतं काय? गाडी उभी आहे. पंपाचं काय होतंय, ते कोण बघतो? रोज गळकं भरता भरता एक दिवस पंपच जळून जातो.

हिंदुरावाचाही गेला. तोवर दुसरी दुखणी निघालीच होती. कधी दार उघडेना, कधी काच वर जाईना. समोरच्या पडद्यावर पिवळी अक्षरं यायची, 'त्वरित सेवाकेंद्राशी संपर्क साधा.' त्वरित! सेवाकेंद्र पुण्याला, आणि ही इथं अंगणात ताडपत्रीखाली बैठक मारून. मिस्त्री यायचा, गाडीला संगणक जोडायचा, मान हलवायचा, एक भाग सांगायचा. तो भाग परदेशातून यायचा. तो बसवला की दुसरा जायचा. हिंदुराव आल्याचा व्यापार करायचा, पण त्याचं सगळं आलं त्या गाडीच्या चहात पडत होतं!

मग विकून टाकायची ना? तुम्ही आम्ही सांगणार. पण घेणारा विचारणार, का विकता? आणि ते शामराव पवारांच्या कानावर जाणार.

त्यात आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. गावात ज्याची गाडी सगळ्यात भारी, त्याची गाडी नवरदेवाला. मागायला माणूस येतो, आणि नाही म्हणायचं नसतं. हिंदुरावानं कारणं काढली. ड्रायव्हर आजारी. जेजुरीला नेल्याशिवाय मांडवापुढं न्यायची नाही असा नवस. एकदा तर गाडीत मांजर व्यायली आहे, असंही सांगून झालं. कारणं संपत आली आणि नेमका फोन आला. शामराव पवार! त्यांच्या मुलाचं रविवारी लग्न. "हिंदुराव, नवरदेव तुमच्या गाडीतनंच आणायचा म्हणतोय."

दुसरा कोणी असता तर कदाचित खरं बोलला असता. पण पवारांना कसं सांगणार, की परदेशी म्हशीनं वैरण सोडली? त्याची नजर भिंतीवरच्या जुन्या फोटोवर गेली. फोटोत बडोद्याचे चुलते, यशवंतआबा. तरुणपणी नोकरीसाठी तिकडं गेले, तिकडचेच झाले. कित्येक वर्षांत कोणी भेटलेलं नाही. आणि हिंदुरावाच्या तोंडून शब्द निघाला, "शामराव, कसं सांगू... आम्हाला सुतक आलंय. बडोद्याचे आबा गेले."

संपलं! पवार हळहळले. सुतकातली गाडी लग्नाला कोण नेतो? हिंदुरावानं फोन ठेवला आणि त्याला इतकं हलकं वाटलं, की त्यानं बायकोकडं चहा मागितला. फोनवर मेलेला माणूस फोनवरच राहील, असं त्याला वाटलं.

पण मंडळी, सुतक एकट्याला लागतं का? तुम्हीच सांगा. सुतक लागतं सगळ्या भावकीला. आणि त्याच्या अंगणाला लागून सख्ख्या भावाचं, विलासचं अंगण. तिथं त्याच वेळी मांडवाच्या मेढी रोवल्या जात होत्या. विलासची लेक प्राजक्ता, तिचं त्या रविवारनंतरच्या बुधवारी लग्न होतं! ते हा विसरला नव्हता. भाग येईल, गाडी उठेल, पुतणीचा नवरदेव गाडीतनं मिरवेल, हेच तर त्याच्या डोक्यात होतं. फक्त दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत.

सोमवारी सकाळी हिंदुराव देवघरात गंध उगाळत होता. दारात दोन्हीकडचे गुरुजी उभे. पवारांचं लग्न त्यांनीच लावलं होतं, बुधवारचंही तेच लावणार होते. गुरुजींनी उंबरठा ओलांडला नाही. पाणी पुढं केलं, घेतलं नाही. "हिंदुराव, सुतकात पूजा करताय? आणि मला ही बातमी पवारांच्या मांडवात कळावी?"

सुलभा आतून आली. कसलं सुतक, कोणाचं सुतक? गुरुजींनी सांगितलं. हिंदुराव गंध उगाळतच राहिला. तोवर विलास पलीकडून धावत आला. "दादा, आबा गेले? मला सांगितलं नाहीस?" लहानपणी आबा सुट्टीवर आले की विलासला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचे. तो माघारी जाऊन मांडवाच्या फळ्यांवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

तेव्हा बोलायचं होतं. नाही बोलला! माणूस एकदा खोट्यात बसला, की त्याचाही पंप जळालेला असतो.

गुरुजींनी सरळ सांगितलं. देवक बसलं असतं तर सुतक आड आलं नसतं, पण देवक बसायचं उद्या. सुतक फिटेपर्यंत लग्न नाही, आणि फिटल्यावर गुरूचा अस्त, मागोमाग चातुर्मास, म्हणजे पुढं काही महिने मुहूर्तच नाहीत. आणि नवरदेव कोण? फौजेतला जवान. रजा संपली की सरहद्दीवर. पुन्हा कधी येईल, ते त्याच्या हातात नाही.

दुपारी विलासकडं नवरदेवाचे वडील आले. ज्ञानदेव शिंदे, निवृत्त सुभेदार. ताठ बसले. हिंदुरावानं मान खाली घालून एक वाट काढून बघितली — बातमी खोटीही असेल म्हणाला. सुभेदारांनी विचारलं, बातमी दिली कोणी? कोणाचा फोन होता? नंबर द्या, आपण विचारू. हिंदुराव खिसे चाचपायला लागला. विलास एकदा भावाकडं बघतोय, एकदा व्याह्यांकडं.

सुभेदारांनी दोघांकडंही बघितलं. मग फार हळू बोलले. "पाव्हणं, पोरीच्या मनात हे लग्न नसेल तर तसं सांगा. त्यासाठी माणूस मारायला नको. आम्ही पोरीला बोल लावणार नाही."

सगळ्यांच्या माना आतल्या दाराकडं वळल्या. तिथं प्राजक्ता उभी होती. तिला प्रश्नच कळेना. तिचा चेहरा हिंदुरावानं बघितला. लहानपणापासून बघितलेला चेहरा, पण आज त्यावर त्याचं खोटं जाऊन बसलं होतं.

तो उठला. सुभेदारांचा हात धरला, आपल्या अंगणात आणलं, गाडीवरची ताडपत्री ओढून काढली. गाडी होती तशीच, पोट टेकून.

"आबा जिवंत आहेत," तो म्हणाला. "मेलीय ती ही."

आणि मग सगळं सांगितलं. ड्रायव्हर, नवस, मांजर, पवार, आबा. विलास डोळे पुसायचं विसरून ऐकत होता. गुरुजी तुळशीकडं बघत होते. सुलभा एवढंच म्हणाली, की बरं झालं, गाडी आणखी कोणी मागितली नाही; आणखी चारदा मागितली असती तर मरायला माझाही नंबर लागला असता.

प्राजक्ता पुढं आली. "काका, गाडी मी मागितली होती का?"

मंडळी, याला उत्तर आहे? या लग्नाला कोणी मागितली होती?

सुभेदारांनी वाकून चाकाकडं बघितलं. ही बसते कशानं, विचारलं. हवा जाते, हिंदुराव म्हणाला. सुभेदार मिशीत हसले की नाही कोण जाणे. म्हणाले, "आमचा पोरगा बर्फात चालत जातो. मारुतीच्या देवळापासनं मांडवापर्यंत चालायला त्याला काय धाड भरलीय?"

लग्न ठरलं बुधवारीच. पण गुरुजींनी एक अट घातली. ज्यांना मारलं, त्यांना हिंदुरावानं स्वतः बोलवायचं. सगळ्यांच्या देखत बडोद्याला फोन लावला. फोन आबांनीच उचलला. हिंदुरावानं चाचरत सगळं सांगितलं.  मग आबा म्हणाले, "मेल्यावर का होईना, आठवण काढलीस. जिवंत होतो तेव्हा कुणी काढत नव्हतं."

हिंदुराव तिथंच खाली बसला. गाडीशेजारी.

बुधवारी नवरदेव चालत आला. वाजंत्री पुढं, गाव मागं, आणि गावाला इतक्या जवळून नवरदेव कधी दिसला नव्हता. शामराव पवार अक्षता घेऊन आले, तर मांडवात पहिल्या खुर्चीवर यशवंतआबा! पवारांच्या हातातल्या अक्षता तिथंच सांडल्या. हिंदुराव त्यांच्याजवळ गेला आणि स्वतःच म्हणाला, "शामराव, म्हैस वैरण खात नव्हती." पवार म्हणाले, "ते मला पेढ्याच्या दिवशीच दिसलं होतं. तुम्ही सांगायची वाट बघत होतो."

बघा! ज्याच्यापासून झाकायचं म्हणून माणूस मारला, त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आता काका, खांबाला टेकलेले — तुमच्याकडं वळते. आणि सगळ्यांकडंच. प्रत्येकाच्या अंगणात ताडपत्रीखाली काहीतरी बसलेलं आहे. तुम्ही रोज सकाळी उठून त्यात हवा भरता, आणि शेजाऱ्याला ते ठाऊक आहे. घरी जाऊन ताडपत्री काढा म्हणत नाही मी. एवढं एका कीर्तनानं होत नसतं. पण ती झाकायला तुम्ही कोणत्या जिवंत माणसाला मारून ठेवलंय, तेवढं आठवा. त्याचा फोन नंबर असेलच तुमच्याजवळ. आरती होईपर्यंत आठवा, आणि प्रसाद घेऊन बाहेर पडलात, की लावा.

म्हणा, हरि हरि.