आरसेमहालातला जखमी

नका हो मारू त्याला. मारून काही होत नाही. त्या तिकिटाच्या मशीनच्या पोटात बुक्की मारणारे तुम्ही काही पहिले नाही, मागच्या आठवड्यात एकानं तर लाथ घातली आणि स्वतःच लंगडत घरी गेला. ते बिघडलेलं नाही, थांबलंय. बिघडणं वेगळं आणि थांबणं वेगळं, मला विचारा, मी स्वतः एकदा असाच थांबलो होतो आणि सगळ्यांना वाटलं… म्हणजे कुणालाच काही वाटलं नाही, तीच तर माझी तक्रार आहे. या, असे सावलीत या. ताई, लेकराला कडेवरून उतरवा, हात भरून येईल. तिकीट मिळेल हो, आरसेमहाल काही पळून जात नाही, आणि मी तर कुठे जाणार?

मघाशी ते मशीन बायकी आवाजात काहीतरी बोललं, ऐकलंत ना? आणि तुम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलात. तो प्रश्न तुम्हाला नव्हता. कुणाला होता ते सांगतो, पण ते सांगायचं तर आधी संकटाच्या तालमीचं सांगायला हवं, आणि तालमीचं सांगायचं तर शिट्टीवाल्या साहेबांचं.

शिट्टीवाले साहेब म्हणजे या आनंदमेळ्यावर नेमलेले सुरक्षेचे साहेब. गळ्यात शिट्टी, अंगात चमकणारं जाकीट, माणूस सज्जन, पण तुम्हाला सांगतो, त्यांच्या तोंडी एकही दिवस धड जात नाही. आम्हा सगळ्या कामगारांना तंबूत बसवलं आणि सुरू झाले. "समजा आग लागली. समजा आकाशपाळणा वरच अडकला. समजा वादळ आलं आणि हाच तंबू उडाला." आम्ही सगळे वर बघायला लागलो. "समजा गर्दी पळत सुटली, तर तुम्ही काय कराल?" पाळणेवाला म्हणाला, "आम्हीपण पळू." तर म्हणे नाही, तसं पळायचं नाही. लांब शिट्टी वाजली की आपापली माणसं बाहेर काढायची, आणि मग मागच्या मोकळ्या मैदानात जोडीजोडीनं उभं राहायचं.

जोडीनं का, तर तिथे गेल्यावर स्वतःबद्दल बोलायचंच नाही. जोडीदाराबद्दल बोलायचं. पाळणेवाल्यानं ओरडायचं, चहावाली सुखरूप. चहावालीनं ओरडायचं, पाळणेवाला सुखरूप. आणि जोडीदार दिसला नाही तर ओरडायचं, अमका बेपत्ता, की लगेच स्ट्रेचरवाले पळणार. स्वतःच स्वतःला सुखरूप म्हटलेलं चालत नाही. मी विचारलं, "का हो साहेब?" तर म्हणाले, "काका, माणूस स्वतःबद्दल खरं सांगत नाही. हात मोडलेला असला तरी म्हणतो, काही नाही, ठीक आहे." हे मात्र मला पटलं. आपल्याला कुणी विचारलं कसे आहात, तर आपण काय म्हणतो? बरं आहे. झालं, विचारणारा पुढे जातो.

आता आरसेमहालाची जोडी कोण? तिकीटखिडकीतलं माणूस आणि आतलं माणूस. आतला मी. आणि खिडकीत आमची ही बसायची. आम्हाला मूलबाळ नाही, आम्ही दोघंच आणि हा मेळा… मेळा उठला की आम्ही उठायचो, दुसऱ्या गावात बसला की आम्ही बसायचो. ही बाहेर तिकीट फाडायची, मी आत आरसे पुसायचो. हसू नका, आरसे पुसणं हे दिवसभराचं काम आहे. लोकांना वाट कुठे आणि आरसा कुठे हे कळत नाही, सरळ चालत येतात आणि कपाळ आपटतात, मग कपाळाचा डाग पुसायचा कुणी? काही जण तर आरशातल्या स्वतःलाच म्हणतात, सरका की जरा. खरंच म्हणतात. आणि तो सरकत नाही म्हणून रागावतात.

तर हिची एक पद्धत होती. लोक आत सोडण्याआधी, दर खेपेला, ही खिडकीतून हात मागे करून पत्र्याच्या भिंतीवर दोनदा टकटक करायची आणि म्हणायची, "आत आहात ना?" मी आतून टकटक करायचो. मगच तिकीट फाडायची. मी म्हणायचो, "अगं, रोज काय विचारतेस? मी कुठे जाणार?" तर म्हणायची, "विचारायला काय जातं?" असं किती वर्षं… जाऊ द्या. ही गेली, आणि खिडकी बुजवून तिथे हे मशीन बसवलं. पत्रा तोच आहे. हिच्या बोटांनी रंग उडालाय ना, तो बघा तिथे. हां, तिथेच. हात लावलात तरी चालेल.

म्हणून मी साहेबांना म्हटलं, "साहेब, माझा जोडीदार आता हे मशीन." साहेबांच्या कानाला फोन होता. ते म्हणाले, "चालेल, काका. दोघं एकमेकांकडे लक्ष ठेवा." आता बोला. मी ठेवतो हो लक्ष. रोज फडकं मारतो, पाऊस आला की वरून प्लास्टिक बांधतो, थंडीत त्याचं दार आखडतं तेव्हा दोन्ही हातांनी धरून बसतो. त्यानंही थोडं ठेवायला नको?

तालमीच्या दिवशी साहेबांनी टेबलावर पुठ्ठ्याच्या पाट्यांचा गठ्ठा टाकला. ज्याच्या गळ्यात पाटी तो जखमी, आणि त्यानं आपल्या जागेवर पडून राहायचं. "कोण पडणार, कुठे पडणार, मला सांगू नका," म्हणाले, "जोडीदारानंच शोधायला लावलं पाहिजे, तर खरी परीक्षा." आणि जखमींना एकच ताकीद. "कुणी येईपर्यंत हलायचं नाही." गेटवाल्यानं एक पाटी उचलली आणि माझ्याच गळ्यात घातली. म्हणाला, "बाबा, तुम्ही पडा. तुम्हाला पडून राहायला काय लागतं?" काही लागत नाही, हे खरंच आहे. पण मला वाचता येत नाही, आणि पाटीवर माझं काय मोडलंय ते कुणाला विचारू? चारचौघांत लाज वाटली. म्हटलं, म्हातारा माणूस आहे, पायच मोडला असेल. म्हणून आत गेलो, मधल्या चौकात खिडकीच्या पत्र्याकडे पाय करून आडवा झालो आणि उजवा पाय धरून कण्हायला लागलो.

बाहेर लांब शिट्टी झाली. पळापळ, खुर्च्या पडल्याचे आवाज, चहावालीचं ओरडणं, "गॅस बंद केलाय, ढकलू नका." मी बघतो तर काय, डावीकडे एक ढोल्या म्हातारा पडलाय, उजवीकडे एक बांबूसारखा, समोरच्याचं डोकं भोपळ्याएवढं आणि पाय चिमणीचे, वर छताला एक उलटा चिकटलाय. सगळ्यांनी उजवा पाय धरलाय. मनात म्हटलं, एवढे जखमी, आणि साहेबांनी स्ट्रेचर तर एकच आणलंय. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला बरं वाटलं. सोबत होती. मी कण्हलो की सगळे कण्हल्यासारखे दिसायचे. मग मी जरा दमलो, गप्प झालो… तर सगळेच गप्प झाले. तेव्हा मात्र ती सोबत नकोशी झाली.

मैदानावरून आवाज यायला लागले. हा सुखरूप, ती सुखरूप. मध्येच एक बेपत्ता, की स्ट्रेचरवाल्यांची धावपळ, की टाळ्या. मी कान लावून. म्हटलं, आता माझं नाव येईल. आता येईल. पण घेणार कोण? माझं नाव ज्यानं घ्यायचं ते इथे दाराशी नुसतं उभं. आणि त्याचं नाव मी घ्यायचं, तर मी पाटी घालून आडवा. एका माणसाचा जोडीदार हरवला तर तो ओरडतो, पण जोडीच्या जोडी हरवली तर ओरडणार कोण, सांगा? दोन आखूड शिट्ट्या झाल्या. म्हणजे सगळं ठीक. पाळण्याचं गाणं परत सुरू झालं.

तुम्ही म्हणाल, मग उठायचं. अहो, ताकीद होती ना, कुणी येईपर्यंत हलायचं नाही. आणि खरं सांगू का… मला बघायचं होतं, येतं का कुणी. नियमाचं निमित्त. म्हटलं, आपण उठून गेलो तर कधीच कळणार नाही. म्हणून पडून राहिलो. पाय लांब करून टाचेनं पत्र्यावर दोनदा टकटक केली. बाहेरून मशीन म्हणालं, "धन्यवाद, पुन्हा या." ते मला नव्हतं, कुणीतरी तिकीट काढलं होतं.

मग लोक यायला लागले. एक जोडपं आलं, ती म्हणाली, "अय्या, किती खरा वाटतो." तो म्हणाला, "मेणाचा असेल." मी म्हटलं, "मेणाचा नाही." तर दोघं टाळ्या वाजवून हसले, म्हणे बोलतोसुद्धा. एक बाई खाली वाकली. "आजोबा, पडलात का?" मी म्हणालो, "नाही, कामावर आहे." ती बिचारी "बरं बरं" करत आरशातून निघून गेली. शेवटी म्हटलं पुरे, झाली परीक्षा, उठू. आणि तुम्हाला सांगतो, उठताच येईना. कंबर धरली होती. उजवा पाय तर आपला नव्हेच. हात टेकतोय, घसरतोय, आणि चहूबाजूंनी सगळे म्हातारे हात टेकून घसरतायत. आता मी खरा कण्हायला लागलो, तर लोकांना ते आणखीच आवडलं. कुणीतरी मोबाइल काढला. मी ओरडलो, "अहो, खरंच हात द्या," तर तो म्हणाला, "वा, एकदा परत म्हणा."

डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात चहावाली आली. हातात माझा कप.

"बाबा, चहा गार झाला तुमचा. कुठे आहात… अगं बाई. हे काय?"

"जखमी आहे."

"ते दिसतंय पाटीवर. तालीम संपून किती वेळ झाला. मी विचारलंसुद्धा मैदानात, आरसेवाले बाबा कुठे आहेत, तर गेटवाला म्हणतो, असतील आपल्या जागेवर, ते कुठे जाणार?"

बघा. जे मी आयुष्यभर हिला लाडानं म्हणत आलो, तेच दुसऱ्यानं माझ्याबद्दल म्हटल्यावर किती वेगळं लागतं. चहावालीनं पाटी वाचली. म्हणाली, "यावर लिहिलंय बेशुद्ध. आणि तुम्ही पाय धरून बोलताय काय?" म्हणजे इतका वेळ मी चुकीचं कण्हत होतो.

"पण तुला कसं कळलं मी इथे आहे?"

"कळलं कुठे? कप राहिला होता. चार वाजता सगळ्यांचे कप परत येतात, तुमचा भरलेला तसाच." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "रडताय का, बाबा?"

"नाही गं. बरं आहे."

तिनं पाळणेवाल्याला हाक मारली, स्ट्रेचर पुन्हा उलगडलं, आणि माझी वरात निघाली, मागून मोबाइलवाला. साहेब सामान आवरत होते. मला बघून खूश झाले. "अरे वा काका, अजून सराव चाललाय?" चहावाली म्हणाली, "सराव नाही साहेब, हे खरे आहेत. तुमच्या तालमीत राहून गेलेले." साहेबांचा चेहरा उतरला. शिट्टी हातात घेतली, परत सोडली. म्हणाले, "पण सगळ्या जोड्या सुखरूप आल्या होत्या. तुमचं नाव कुणीच कसं घेतलं नाही?" मी म्हटलं, "साहेब, ते तिकीट देतं. नाव घेत नाही."

मला तेलाची बाटली दिली, दोन दिवस सुट्टी दिली. सुट्टीत मी खोलीवर पडून राहिलो, तिथे तर आरसासुद्धा एकच. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले, माझ्याशेजारी पायरीवर बसले, "काका, पूर्वी कसं चालायचं?" म्हणाले, आणि मी त्यांना हिच्या टकटकीचं सांगितलं. ऐकून घेतलं हो, फोन न उचलता. आणि पुढच्या आठवड्यात मशीनवाला माणूस आला, आत चौकात एक लाल बटण लावलं, आणि मशीनला एक नवीन वाक्य शिकवून गेला. आता कुणी तिकीट मागितलं की ते आधी विचारतं, "आत आहात ना?" मी आतून बटण दाबलं तरच तिकीट बाहेर येतं. नाही दाबलं तर थांबतं. कितीही वेळ थांबतं.

हां… आत्ता तुमच्या लक्षात आलं. हो, बरोबर आहे, ते माझ्यासाठीच थांबलंय, आणि मी इथे बाहेर तुमच्याशी गप्पा मारतोय. रागावू नका हो. बाहेर आलो होतो कप द्यायला, तेवढ्यात त्यानं विचारलं आणि तुम्ही त्याला मारायला लागलात. लगेच आत जाता आलं असतं. पण आवाज काही हिच्यासारखा नाही, टकटक नाही, तरी कुणीतरी आपल्यासाठी खोळंबलंय म्हटल्यावर… जरा खोळंबू दिलं.

ऐका, परत विचारतंय.

आलो गं. मी कुठे जाणार?